दोन मजल्यांच्या मधे

हाडांच्या वॉर्डात तिला खऱ्या नावानं कुणी शेवटची हाक कधी मारली होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. सिस्टर, डॉक्टर, पेशंट, पेशंटचे नातेवाईक, सगळ्यांची ती हो-मावशी. त्याचं झालं असं. अकरा वर्षं दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालून ती वॉर्डात कामाला आली, आणि पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंना ऑपरेशननंतर वात झाला. बाई खाटेवर ताठ बसून हजेरी घ्यायला लागल्या. नाव पुकारायच्या, उत्तर आलं नाही की संतापायच्या. सिस्टर समजावून थकल्या. बाईंनी सलाइनची सुई उपटली. ही तिथून चादरी घेऊन चालली होती, ती थांबली, हात वर केला आणि म्हणाली, "हजर, बाई!" पुढच्या नावालाही हजर, त्याच्या पुढच्यालाही हजर. एकतीस मुलांची हजेरी हिनं एकटीनं दिली. बाईंनी समाधानानं डोळे मिटले, आणि त्या दिवसापासून कुणी पेशंट भरकटला की वॉर्डात एकच आरडाओरडा व्हायचा, "हो-मावशीला बोलवा रे कुणीतरी!"

आणि मावशी यायची, आणि पेशंट जे म्हणेल त्याला 'हो' म्हणायची. कुणी म्हणायचं, माझी बोट सुटेल. ही म्हणायची, हो, पण अजून शिट्टी कुठं झालीय, दोन घोट पाणी घ्या. कुणाला पडद्यावर मांजरं दिसायची, ही टॉवेल घेऊन त्यांना पार जिन्यापर्यंत हाकलून यायची. एका आजींना वाटायचं की छतावर कुणीतरी शेत नांगरतंय. मावशी मान वर करून बघायची आणि म्हणायची, "हो की, आणि बैल काय देखणे आहेत!" पेशंट निवायचा. सिस्टरांचा जीव भांड्यात पडायचा.

तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. उभ्या आयुष्यात ती बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडं गेली नव्हती. पण दुपारी जेवणाचे ट्रे गोळा झाले, हिरवे पडदे ओढले गेले आणि उन्हाचा रंग पाण्यासारखा झाला, की आठ खाटांच्या त्या खोलीत तिला कुठंकुठं जायला मिळायचं. बोटीवर, लग्नघरात, पन्नास वर्षांपूर्वी पाडलेल्या शाळेत, कुणाच्या तरी परसातल्या विहिरीवर. तिथली माणसं तिला ओळखायची. एक आजोबा तर तिला रोज सांगायचे की तुझ्या केसांना आज समुद्राचा वास येतोय. संध्याकाळी ती बसमध्ये खिडकीशी बसून घरी जायची ती अर्धी तिकडंच असायची. सून विचारायची, "आई, आज कुठं जाऊन आलात?" आणि दोघी हसायच्या.

एका सोमवारी आठ नंबरच्या खाटेवर लिफ्टवाले आजोबा आले. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला होता, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मंगळवारी सकाळी माणूस एकदम खणखणीत. एका सहा मजली कापडाच्या दुकानात त्यांनी अडतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. दोन जाळीची दारं, पितळी मूठ आणि एक स्टूल. "मी रोज किती चढलो असेन, माहितीये?" ते मावशीला म्हणाले, "आणि तरी म्हातारपणी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. नशीब बघा!" बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एक लेक होती, ती दूरच्या गावी नोकरीला, शनिवारी बसनं यायची. आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि कानातल्या मशीनशिवाय ऐकू येत नव्हतं. वॉर्डाची शिस्त अशी की अशा वस्तू हरवू नयेत म्हणून पाकिटात घालून, नंबर टाकून सिस्टरांच्या कपाटात. तशा त्या गेल्या. खाटही मावशीनंच मुद्दाम कोपऱ्यातली दिली होती, भिंतीशी, म्हणजे म्हाताऱ्या जिवाला गडबड नको.

बुधवारी दुपारी मावशी त्यांची उशी सारखी करायला गेली, तर आजोबा उजव्या हातानं खाटेचा कठडा घट्ट धरून बसलेले. चेहरा पांढराफटक. तिला जवळ बोलावून अगदी हळू म्हणाले, "बाई, दार उघडू नका. लिफ्ट अडकलीये. दोन मजल्यांच्या मधे."

मावशीनं इकडंतिकडं बघितलं. पडदा वाऱ्यानं आत येत होता, जात होता. तिला खोली खरोखरच किंचित तरंगल्यासारखी वाटली, आणि तिच्या अंगावर गोड काटा आला. लिफ्टमध्ये ती अजून गेली नव्हती. म्हणजे पेशंटांच्या मनातल्या लिफ्टमध्ये.

"हो का?" ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "मग मिस्त्रीला निरोप धाडते. तो येतोच आहे. तोवर अजिबात हलू नका हं."

"नाही हलत," आजोबा म्हणाले. "नियमच आहे तो."

मावशी हसत हसत पुढच्या खाटेकडं गेली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? असं तर रोजचंच.

गुरुवारी आणि शुक्रवारी आठ नंबरकडून आवाज म्हणून नाही. तीन नंबरचे गृहस्थ कंबरेचा पट्टा फेकून ओरडत होते, पाच नंबरच्या पोरानं बेल वाजवून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते, आणि आठ नंबर कसे, तर मूर्तीसारखे. डोळे अर्धे मिटलेले, हात कठड्यावर. विचारलं तर मान डोलवायची. सिस्टर एकमेकींना म्हणायच्या, सगळे पेशंट असे गुणी असते तर! व्यायामाच्या सरांनी मात्र कागदावर लिहिलं की पेशंट हट्टी आहे, पाय खाली टेकवत नाही. आता तुम्हीच सांगा, गुणी आणि हट्टी हे दोन्ही एकाच माणसाला, आणि कुणाला काही खटकू नये? पण नाही खटकलं. दवाखान्यात जो ओरडतो त्याच्याकडं सगळे धावतात आणि जो गप्प बसतो त्याला शाबासकी देऊन सगळे पुढं जातात. शाबासकी देणाऱ्यांत आपली मावशीही होती, तीही आघाडीवर.

शनिवारी लेक आली. बाबा, बाबा, म्हणून तिनं किती हाका मारल्या. आजोबांनी तिच्याकडं बघितलं, पण खिडकीतून बघावं तसं, तिच्या पलीकडं. मग मान वळवली. लेक मटकन स्टुलावर बसली. फेरीवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या मदतनिसानं उभ्याउभ्या सांगितलं, "वय झालंय. ऑपरेशननंतर कधीकधी डोकं साथ सोडतं. घरी एकटे राहू शकणार नाहीत हे धरून चाला." लेकीनं ते धरलं. तिनं दुपारभर खाली कार्यालयात बसून एका संस्थेचा पत्ता मिळवला. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना कायमचं ठेवून घेणारी संस्था. एक खोली रिकामी होती. पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत भरलेला फॉर्म आणून द्यायचा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार. जाताना तिनं मावशीला विचारलं, "त्यांना काही त्रास तर होत नाहीये ना?"

"छे हो," मावशी म्हणाली. "इतका शांत माणूस मी बघितला नाही."

रविवारी मावशीची सुट्टी. दुपारी सुनेबरोबर शेंगा सोलत बसली होती आणि नेहमीसारखं वॉर्डाचं रामायण चाललं होतं. "आमचे आठ नंबर म्हणजे देवमाणूस गं," ती म्हणाली. "इतक्या दिवसांत एकदा बेल वाजवली नाही."

सुनेनं हातातली शेंग तशीच ठेवली. "एकदाही नाही? आई, माणसाला काहीच कसं लागत नाही? पाणी लागतं, कूस बदलायला लागते, निदान तक्रार तरी करायला लागते."

"काहींचा स्वभावच गरीब असतो."

"मंगळवारी तर तुम्ही म्हणालात, तोंडाचा पट्टा चालू आहे, अडतीस वर्षांच्या गोष्टी सांगतायत म्हणून."

मावशीनं सालं दाण्यांत टाकली आणि दाणे सालांत. संध्याकाळी उगाचच दारापर्यंत जाऊन परत आली. काहीतरी चुकलंय एवढंच कळत होतं, काय ते हाताला लागत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती कपडे बदलून थेट आठ नंबरकडं गेली. आजोबांचे ओठ फुटले होते. शेजारच्या टेबलावर भरलेला पेला होता, आणि त्यावर धूळ. हो, धूळ! तिनं पेला त्यांच्या तोंडाशी नेला. आजोबांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. मग डोळे किलकिले करून तिचा चेहरा जवळून बघितला, ओळखला, आणि तिच्या मनगटाला हात लावला.

"मिस्त्री आला का?" आवाज कागदासारखा सुकलेला. "तुम्ही म्हणालात हलू नका. मी हललो नाही."

मावशीनं पेला टेबलावर ठेवला.

"पाणी का घेत नाही तुम्ही?" तिनं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"ड्यूटीवर गोळीपुरता घोट, जास्त पाणी पीत नाही मी. मग जायला लागतं. लिफ्ट सोडून जाता येत नाही." थोडं थांबून, दम घेऊन ते म्हणाले, "आणि ते सर पाय खाली ठेवा म्हणतात. खाली काही नाहीये हो. सहा मजल्यांचा खड्डा आहे. त्यांना दिसत नाही."

तेवढ्यात भिंतीच्या मागून घरघर ऐकू आली. खालून आली, खाटेच्या पाठीला हलकी थरथर लावून वर निघून गेली. आजोबांची बोटं कठड्यावर आवळली. मावशीनं भिंतीवर हात ठेवला. गेली सोळा वर्षं ती ही भिंत पुसत होती, आणि भिंतीच्या पलीकडं दवाखान्याची लिफ्ट आहे हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ज्याला दिसत नाही, धड ऐकू येत नाही, त्या लिफ्टवाल्या माणसाला तिनं लिफ्टला चिकटून झोपवलं होतं. आणि वर सांगितलं होतं, हलू नका. पाच दिवस तो माणूस तिचा शब्द पाळत, तहानेनं सुकत, खड्ड्याच्या काठावर बसून राहिला होता. आणि ती घरी जाऊन हसली होती.

वॉर्डात एक नव्या डॉक्टरीणबाई होत्या, चणीनं लहान, म्हणून सगळे त्यांना छोट्या डॉक्टर म्हणायचे. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बुधवारपासूनचं सगळं सांगून टाकलं. स्वतःचं वाक्यही गाळलं नाही. "मीच म्हटलं, मिस्त्री येतोय, हलू नका. माझं चुकलं, डॉक्टर. काय बोलायचं ते बोला, पण आधी त्यांना बघा."

छोट्या डॉक्टर खुर्चीवरून उठल्याच. आजोबांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "आजोबा, आठवड्याचे वार उलटे सांगा बरं. रविवार, शनिवार..." आजोबा म्हणाले, "शुक्रवार." मग बराच वेळ गेला. "शुक्रवार," ते पुन्हा म्हणाले, आणि धागा सुटलाच. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, तशी आजोबांच्या कपाळाला आठी पडली. लघवी तुंबली होती, आणि तपासायला दिली तर त्यात जंतू निघाले. झोप यावी म्हणून रोज एक गोळी चालू होती, ती त्यांनी त्याच क्षणी कागदावरून खोडली.

"हा डेलिरियम आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही वात म्हणता ना, तोच. फक्त हा ओरडणारा नाही, गप्प बसणारा आहे. हाच जास्त वाईट, कारण तो कुणाला दिसत नाही. म्हातारपणानं बुद्धी जाते ती हळूहळू, वर्षानुवर्षं. मंगळवारी बोलणारा माणूस बुधवारी असा झाला, म्हणजे काहीतरी बिघडलंय. ते शोधायचं असतं. इन्फेक्शन, तहान, दुखणं, औषधं, आणि डोळ्याकानांवाचून अंधारात पडून राहणं."

"बरे होतील?"

"बहुतेक होतील. कधी होतील ते सांगता येत नाही. काहींना दोन दिवस लागतात, काहींना महिना."

"त्यांच्या लेकीनं शनिवारचा फॉर्म घेतलाय," मावशी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. वॉर्डाच्या मधोमध, पाच नंबरच्या पोरासमोर.

डॉक्टरांनी लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "डॉक्टर, माझ्या बाबांनी मला ओळखलं नाही. मला आता आशा लावू नका, मला ती झेपायची नाही." फॉर्म भरून तयार ठेवलाय, एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

खाट खिडकीशी हलवली. कपाटातून पाकीट निघालं, चष्मा पुसून नाकावर बसला, मशीनमध्ये नवा सेल पडला. समोर घड्याळ टांगलं आणि जाड अक्षरात वार लिहिलेला कागद. दर तासाला अर्धा पेला पाणी, तोही मावशीच्या हातून. "आणि आता 'हो' म्हणायचं नाही," छोट्या डॉक्टरांनी बजावलं. "वादही घालायचा नाही. भीती वाटते ते खरं आहे असं म्हणायचं, पण लिफ्ट खरी आहे असं नाही. खरं काय ते एकाच शब्दात, न रागावता, शंभर वेळा सांगायचं."

शंभर वेळा सांगणं सोपं होतं. पहिल्यांदा सांगणं जड गेलं. मावशी स्टुलावर बसली. खिडकीबाहेर एक मोठं झाड होतं, त्याची सावली आजोबांच्या पांघरुणावर हलत होती, आणि आजोबा त्या सावलीवरून मजले उतरत होते की काय कुणास ठाऊक.

"मिस्त्री येणार नाही," मावशी म्हणाली. "ही लिफ्ट नाही. दवाखाना आहे. तुमचा खुबा मोडला होता, ऑपरेशन झालंय. मी खोटं बोलले तुमच्याशी."

आजोबांनी तिच्याकडं बघितलं. चष्म्यामागचे डोळे आता मोठे दिसत होते, आणि त्यांत राग होता. "पाच दिवस मी वाट बघतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी पाणी तिच्या हातून घेतलं नाही, सिस्टरांच्या हातून घेतलं. मावशीला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

मंगळवारी राग विसरले, पण लिफ्ट विसरले नाहीत. सकाळी विचारलं, कुठं आहात, तर म्हणाले, दवाखान्यात. चार वाजता ऊन उतरलं, कोपरे धुरकट झाले, तशी बोटं कठडा शोधायला लागली. "मावशी, आपण किती खाली आलो?" मावशीचं मन पाघळलं. त्या आवाजात तिला घेऊन जायची सगळी तयारी होती. सहा मजले, कापडाचे रंग, जाळीतून वर जाणारी माणसांची डोकी आणि खाली जाणारे पाय, आणि अत्तराचा वास. एक 'हो' म्हटलं असतं तर ती आत गेली असती. तिनं पदर तोंडावर धरला. "दवाखाना आहे, आजोबा. तिसरा मजला. तुम्ही खाटेवर आहात आणि मी इथं आहे." असं त्या संध्याकाळी तिनं चोवीसदा सांगितलं.

बुधवारी व्यायामाचे सर वॉकर घेऊन आले. आजोबांना खाटेच्या कडेला बसवलं. पाय लोंबते. खाली बघितलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी गादी घट्ट धरली. "खड्डा आहे," ते म्हणाले. सर म्हणाले, "नाही हो, फरशी आहे." आजोबा म्हणाले, "तुम्हाला काय जातंय म्हणायला?"

ते खरंच होतं. सांगणाऱ्याचं काय जातं? मावशीनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा आजोबांच्या पायांकडं. मग पदर खोचला, गुडघ्यावर हात देऊन कण्हत खाली बसली आणि सरळ आडवी झाली. छप्पन्न वर्षांची, चांगली जाडजूड बाई, आजोबांच्या पायांखाली, उताणी. मोठ्या सिस्टर धावत आल्या. "अगं बाई, पडलात काय, मावशी?"

"पडले नाही. फरशी दाखवतेय."

पाच नंबरचं पोर खिदळलं. मावशी हलली नाही. पाठीखाली फरशी गार होती, आणि वर पांढरं छत. इतक्या वर्षांत तिनं हे छत असं खालून बघितलंच नव्हतं. बघता बघता ते हलल्यासारखं वाटायला लागलं. दिव्याची गोल झाकणं ढगांसारखी सरकायला लागली, पडदा फुगला, माणसांचे चेहरे उंच कडांवरून वाकून काहीतरी बोलायला लागले आणि शब्द लागेनात. एवढी वर्षं ती यांच्या जगात पाहुणी म्हणून जाऊन, चहा पिऊन परत येत होती. राहणाऱ्याला तिथं काय वाटतं, ते आत्ता कळलं. तिला भीती वाटली. साधी, लहान मुलासारखी भीती. "आजोबा," ती खालून म्हणाली, "मीसुद्धा घाबरलेय हो. पण मी पडत नाहीये. बघा, आहे ना इथंच?"

आजोबा चष्म्यातून खाली बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले.

"उठा आधी," ते म्हणाले. "फरशी गार आहे. कंबर धरेल तुमची."

मोठ्या सिस्टरांनी तोंडावर हात घेतला. मावशी उठली, म्हणजे दोघांनी मिळून तिला उठवलं, आणि जिथं ती झोपली होती तिथं आजोबांनी उजवा पाय ठेवला. अंगठा आधी. मग टाच. मग दुसरा पाय.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं, पण आजारपणं अशी सरळ उतरत नसतात. गुरुवारी खिडकीपर्यंत चालले, झाडावर किती कावळे आहेत ते मोजलं, छोट्या डॉक्टरांना वार उलटे सांगितले आणि वर विचारलं, महिनेही सांगू का? आणि शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा विचारलं, "दार लावलंय ना नीट?" मावशीनं दवाखाना सांगितला, मजला सांगितला, वार सांगितला. आजोबा लाजले. "ठाऊक आहे हो," ते म्हणाले. "ठाऊक असूनही तोंडातून निघतं." उद्या शनिवार होता. मावशी घरी गेली ती जेवलीच नाही. सुनेनंही फार विचारलं नाही, नुसतं ताट झाकून ठेवलं.

शनिवारी दहा वाजता लेक आली. मावशी तिला वॉर्डाच्या दारातच भेटली, आत जाऊ दिलं नाही. "मला आधी बोलायचंय," ती म्हणाली आणि सांगितलं. मिस्त्रीचं, पाण्याचं, भिंतीचं. "तुम्ही विचारलंत, त्रास होतोय का, आणि मी म्हटलं शांत आहेत. ते शांत नव्हते, ताई. ते घाबरून बसले होते. आणि मीच बसवलं होतं."

लेकीनं दाराला पाठ टेकली. डोळ्यांखाली काळं झालं होतं, आठवडाभर झोपली नसावी. "तुम्ही निदान जवळ होतात," ती म्हणाली. "मी तर एक दुपार बघितलं आणि फॉर्म भरला."

आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायावर पांघरूण घेऊन. त्यांनी मान वळवली. लेक चार पावलांवर थांबली. पुढं यायचं धाडस होईना तिला.

"किती वाळलीस गं," आजोबा म्हणाले. "जेवत नाहीस की काय?"

ती आली, गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग घाईघाईनं डोळे पुसून पिशवीतून त्यांचा धुतलेला सदरा काढायला लागली, आणि सदऱ्याबरोबर फॉर्म बाहेर आला. तिनं तो लपवला नाही. टेबलावर ठेवला. आजोबांनी चष्मा सारखा केला, कागद उचलला आणि वाचायला लागले. शेजारच्या खाटेवरची चादर ओढत असलेल्या मावशीचा हात थांबला. एकेक ओळ वाचत होते. माणसं ओळखतात का: नाही. स्वतःचं स्वतः करू शकतात का: नाही. मुक्काम: कायमचा. घड्याळात अकराला दहा मिनिटं होती.

"जन्मसाल चुकवलंस," आजोबा म्हणाले. "दोन वर्षांनी म्हातारा केलंस मला."

लेकीला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडं झालं. "मी तुम्हाला गेलेलंच धरलं होतं, बाबा."

आजोबांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"मीसुद्धा," ते म्हणाले. "ठेव हे. लागेल एखाद्या दिवशी. आज मात्र माझ्या चपला शोध, इथल्या कुणी कुठं ठेवल्यात देव जाणे."